ब्रेकवरचा पाय

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारी बाई त्या भागात एकच होती आणि तिला सगळे ‘टेस्टरबाई’ म्हणत. तिच्या वडिलांना ते नाव अजिबात खपत नसे. ते जन्मभर लांब पल्ल्याच्या बस चालवून निवृत्त झालेले. ड्रायव्हरच्या लेकीनं डॉक्टर व्हावं, निदान मास्तरीण तरी, बॉनेटमध्ये डोकं घालून बसू नये, असं त्यांचं म्हणणं. तिनं गॅरेज उघडल्यापासून ते तिकडे फिरकलेही नव्हते.

म्हणून एका सकाळी त्यांची करडी गाडी गॅरेजच्या दारात येऊन थांबली, तेव्हा टेस्टरबाईच्या हातातला पाना हातातच राहिला.

“क्रूझ कंट्रोल चालत नाही,” वडील काच खाली करून म्हणाले. “दोन ठिकाणी दाखवलं. एकानं स्टिअरिंगवरची बटणं बदलली, दुसऱ्यानं ब्रेकचा स्विच. थोडे दिवस बरं, की पुन्हा तो पिवळा दिवा आहेच. बघ, तुला काही कळतंय का.”

ही क्लच नसलेली ऑटोमॅटिक गाडी त्यांनी निवृत्तीनंतर घेतली होती. मोठ्या रस्त्याला लागलं की वेग ठरवून द्यायचा आणि पाय काढून घ्यायचा, गाडी आपली आपण त्याच वेगानं पळते. त्या सोयीवर त्यांचा भारी जीव.

तिनं गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर जोडला. आलेल्या कोडचा अर्थ सरळ होता: ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबले जातायत. असं झालं की गाडीचा कॉम्प्युटर बावचळतो आणि क्रूझ बंद करून टाकतो. नवा स्विच खराब असेल म्हणून तिनं मीटर लावून पाहिला. चोख. पेडलपाशी आडवं पडून तिनं वायर बोटांनी चाचपल्या, मागचे दिवे तपासले. कुठेच काही नाही. शेवटी कोड पुसून तिनं स्वतः गाडी बाहेर काढली. क्रूझ लावलं, गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

“आता तुम्ही चालवा, बाबा. मी शेजारी बसते.”

“मला शिकवणार का आता?” म्हणाले, पण बसले.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी क्रूझ लावलं आणि लगेच ते सुटलं. तिच्या मांडीवरच्या स्कॅनरवर अक्षरं उमटली: ब्रेक चालू. तिनं खाली वाकून पाहिलं. वडिलांच्या डाव्या पायातली चप्पल निसटून बाजूला पडली होती आणि पाय ब्रेकच्या कडेवर टेकला होता.

“बाबा, डावा पाय कुठंय तुमचा?”

“कुठं असणार? खाली, मॅटवर.”

क्लच शोधायची सवय त्या पायाची गेली नव्हती, हे एक झालं. पण तो कशावर टेकलाय, चप्पल आहे की गेली, याचा त्यांना पत्ताच नव्हता. त्यांचा साखरेचा आजार जुना होता, आणि त्यानं पाय बधिर होतात हे ती ऐकून होती. गोळ्या घेतात, एवढंच घरात माहीत.

गाडी कडेला थांबवायला लावून तिनं त्यांना पाय दाखवला. त्यांनी खाली वाकून चप्पल चढवली, तीही हातानं.

“पायाला कळत नाहीये, बाबा. डॉक्टरकडे जाऊ. तोवर गाडी नको.”

“गाडीतलं सापडलं नाही म्हणून माझ्यात बिघाड काढलास?” त्यांचा आवाज चढला. “जमत नाही, तसं सांग ना सरळ!”

तिला गॅरेजशी उतरवून ते निघून गेले. किल्ली काढून घ्यायला हवी होती, पण तिचा हात पुढे झाला नाही. तिनं आईला फोन केला. “बघते मी,” आई म्हणाली, आणि बघण्यापलीकडे नवऱ्यापुढे तिचं कधी काही चाललं नव्हतं.

त्याच आठवड्यात वडील गाडी घरात घेत होते, आई फाटक धरून उभी होती. ब्रेकवर पाय आहे असं समजून त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. फाटकाचा खांब आडवा झाला आणि आईचं मनगट मोडलं.

आईला दवाखान्यातून घरी आणल्यावर टेस्टरबाई धावत पोचली, तर वडील अंगणात शेजाऱ्यांना सांगत होते, “हिनं काहीतरी उचकटून ठेवलं. हिचा हात लागला तेव्हापासून गाडी ऐकत नव्हती.” तिच्याकडे त्यांनी मान वळवली नाही.

आत प्लास्टर घातलेला हात पोटाशी धरून बसलेली आई हळूच म्हणाली, “तेवढं घे बाई तुझ्यावर. गाडी बिघडली म्हणून सोडली, असं तरी म्हणता येईल त्यांना. डॉक्टरकडे यायला तयार झालेत.”

“आणि माझं गॅरेज?”

टेस्टरबाई अंगणात गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “हो, माझ्याच हातून राहिलं काहीतरी.”

गावभर व्हायला वेळ लागला नाही. गॅरेजसमोर राहणारे मास्तर आपली गाडी दुसरीकडे नेऊ लागले. टॅक्सीवाले आधी कामं कमी देऊ लागले, मग यायचेच थांबले. शेवटी तिनं गॅरेजचा अर्धा भाग बॅटरीवाल्याला देऊन टाकला.

करडी गाडी तिच्या चुलतभावाकडे गेली. तो एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, “काका, क्रूझ मस्त चालतंय की! काही करावंच लागलं नाही.”

“चांगल्या माणसाच्या हाती गेली,” वडील म्हणाले, आणि लेकीकडून पाण्याचा पेला घेतला.