तीन बाटल्या आणि मातीवाले काका

मातीवाल्या काकांनी उभ्या जन्मात कुणाला तपासल्याशिवाय सल्ला दिला नाही. नवीन जालन्यात आमच्या बियाणे कंपनीच्या तळमजल्यावर त्यांची माती तपासायची खोली होती. मोसंबीची पिवळी पानं घेऊन शेतकरी यायचा, "झिंक टाकू का?" म्हणून विचारायचा. काका पानाकडे बघायचेसुद्धा नाहीत. "आधी माती आणा, मंग बोलू." त्यांच्या गावचा, वडीगोद्रीचा माणूस असला तरी तेच. लोक वैतागायचे.

मी वरच्या मजल्यावर उगवण तपासायची. ओल्या कागदावर बी मांडायचं आणि किती उगवलं ते मोजायचं. एका वर्षी मी डेंग्यूतून उठले आणि दोन-तीन महिन्यांनी केस जायला लागले. उशीवर केस, मोरीत केस, कणकेतसुद्धा केस! वेणी करंगळीएवढी झाली. आपल्याला टक्कल पडणार, या भीतीनं मला दुसरं काही सुचेना. दिवसभर डोक्याला स्कार्फ. मस्तगडातल्या मेडिकलमधून एक, जावेनं सांगितलेली दुसरी आणि मोबाईलवरून मागवलेली तिसरी, अशा व्हिटॅमिनच्या तीन बाटल्या सुरू केल्या. गळती वाढलीच.

एकदा डबा खाताना काकांनी मला मूठभर गोळ्या गिळताना पकडलं.

"कशाच्या गं?"

"केसांच्या."

"रक्त तपासलं?"

"नाही."

"मंग कशाच्या भरवशावर खाऊन राह्यली?"

चष्मा लावून त्यांनी तिन्ही बाटल्या वाचून काढल्या. "तिन्हीत व्हिटॅमिन ए. तिन्हीत झिंक. अगं बाई, एकाच वावरात तीनदा खत टाकलं तू! जास्तीनं पीक जळतं, तुला न्हाई माहीत? जल्दी डॉक्टरला दाखव."

"माझं डोकं म्हणजे वावर नाही, काका!" म्हणून मी तरातरा वर निघून आले. स्वतःच्या डोक्यावर चार केस नाहीत, आणि मला शिकवतात!

तरी संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलेच. रक्तात लोह कमी निघालं. तापानंतरची गळती बहुतेक वेळा आपली आपण थांबते, पण व्हिटॅमिन ए जास्त झालं तर त्यानंही केस गळतात, असं त्यांनी सांगितलं. तिन्ही बाटल्या बंद केल्या आणि लोहाची गोळी दिली.

"येतील ना हो केस?" मी काकांना विचारलं. जाऊबाई, मेडिकलवाला, सगळे छातीठोकपणे हो म्हणत होते. काका म्हणाले, "येतील असं वाटतं. पण मी काय डॉक्टर न्हाई. खोटं कशाला सांगू?" इतका राग आला! पण विश्वास बसला तो त्यांच्यावरच.

मग दर सोमवारी दुखऱ्या गुडघ्यांनी काका जिना चढून वर यायचे. "काढ स्कार्फ." माझंच बी बघायचं भिंग माझ्या कपाळाशी धरायचे, "काहीच न्हाई," म्हणायचे आणि खाली जायचे. एका सोमवारी भिंग बराच वेळ हललं नाही.

"उगवण झाली!" काका ओरडले. "बिलकुल झाली!"

अख्खा मजला गोळा झाला. मी हसतही होते आणि रडतही होते. "गोळीनं आले का काका?"

"गोळीनं का वेळेनं, कोण सांगावं? आले ना, बस."

पुढे काका निवृत्त होऊन गावी गेले. जाताना म्हणाले, "वेणी झाली की दाखवायला ये." केस मानेपर्यंत आले, मग खांद्यापर्यंत. मी म्हणायची, थांबा, चांगली लांब होऊ दे, ऐटीत जाऊ. वडीगोद्री काही लांब नाही हो, पण माझं जाणं झालं नाही. एक दिवस फोन आला, काका झोपेतच गेले.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी मला याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझी वेणी पुढे ओढून हातात घेतली.

"तूच का ती केसावाली? जायच्या आदल्या दिवशीच म्हणत होते, पोरीला फोन लाव. कितीबी आले असू दे, ये म्हणावं."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. आखूड केसांनीच जायला हवं होतं मी.