पडद्यामागची बैठक

व्हिडिओ आला, आता पडद्यावरचा सिनेमा संपला, असं आमच्या चाळीच्या गणेश मंडळाचे सेक्रेटरी छातीठोकपणे सांगायचे. ऐंशी सालानंतरची ती वर्षं. नवं काही आलं की जुन्याचं तेरावं घालायची घाई झालेली माणसं मला तेव्हापासून आवडत नाहीत.

घाटकोपरला आमच्या दोन चाळींच्या मधल्या गल्लीत गणपतीत एका संध्याकाळी पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवत. पुढे, मशीनच्या बाजूला, आजोबा, म्हणजे आईचे सासरे, आणि इतर वडीलधारी मंडळी सतरंजीवर बसत. सुना पडद्याच्या मागे. सासऱ्यांसमोर पाय पसरायचे नाहीत, मोठ्यानं हसायचं नाही, ही कोकणातून सोबत आणलेली शिस्त. पण कापडातून चित्र मागेही तेवढंच दिसायचं, फक्त उलटं. मी आईला चिकटून मागेच बसायचे. तिथे शेंगा फुटायच्या, घसरलेला पदर कुणी सावरत नसे, आणि घरात ओठांतल्या ओठांत हसणारी माझी आई गुडघ्यावर थाप मारून हसायची. वर्षातून एकदा. तेव्हा ती मला फार आवडायची.

मग एका वर्षी मंडळानं भाड्यानं रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आणला. टीव्हीलाही मागची बाजू असते, पण तिथे नुसत्या वायरी. त्यामुळे सगळ्या सुना डोक्यावर पदर घेऊन सासऱ्यांच्या पाठोपाठ पुढेच बसल्या. सिनेमा आदल्या वर्षी पडद्यावर पाहिलेलाच होता. नायकानं उजव्या हातानं ठोसा मारला तशी आई माझ्या कानात म्हणाली, "अगं, हा डावखुरा होता ना? यांनी उलटा लावलाय वाटतं." मला हसू फुटलं. तिलाही येत होतं, पण आजोबा हाताच्या अंतरावर होते. तिनं पदर तोंडात कोंबला. घरी येईपर्यंत मला रडू येत होतं.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी मंडळाची मीटिंग भरली, तिथे आई शेजारच्या बायकांना घेऊन गेली. सेक्रेटरींनी पडद्याचा जमाना कसा गेला ते पुन्हा समजावून सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"टीव्ही ठेवा ना, कोण नको म्हणतंय? पण आमचा पडदा परत बांधा. नाहीतर यंदा मोदक बाजारातून आणा."

मोदकांपुढे मंडळाचं काही चाललं नाही. त्या वर्षी दुपारी मंडपात व्हिडिओ झाला आणि अंधार पडल्यावर गल्लीत पडदा लागला. दोन्हीकडे सारखीच गर्दी.

आम्ही पळत जाऊन मागची जागा धरली. सिनेमा जरा रंगात आला, तोच पडद्याच्या कडेनं आजोबा आत आले. मिलमधून रिटायर झालेले, नुसते खाकरले तरी चाळीतल्या बायका गप्प होत असे आमचे आजोबा. पसरलेले पाय पटापट आखडले, पदर डोक्यावर चढले. संपली मजा, असं मला वाटलं. आजोबा आईजवळ येऊन उभे राहिले.

"वायच सरक गो. बघया तरी, इतकी वर्सां हयसून बघून तू कित्याक हसत होतंस."

म्हणजे तिचं हसणं त्यांना पुढे ऐकू येत होतं. दरवर्षी. आई खाली मान घालून सरकली. मी आजोबांच्या हातावर शेंगा ठेवल्या. तेवढ्यात पडद्यावर नायकानं डाव्या हातानं ठोसा मारला, आणि आधी आजोबा हसले, मग आई.