काहीच होऊ न देण्याची नोकरी

मी समुद्रात नोकरी करतो असं यवतमाळात सांगितलं की लोक आधी माझ्या पोटाकडे बघतात आणि मग विचारतात, "पोहता येते काय?" येतं, कामापुरतं. पण त्याच्यानंतर जो प्रश्न येतो तो मला बारा वर्षांत सोडवता आलेला नाही. "म्हणजे तिथं नेमकं करता काय तुमी?"

आमच्याकडे काम दिसावं लागतं. वणीचा माणूस कोळशाच्या खाणीत जातो, ते त्याच्या कॉलरवर दिसतं. नेरचा माणूस कापूस पिकवतो, तो गाडीभर दिसतो. मी अठ्ठावीस दिवस समुद्रात, तेल काढणाऱ्या एका लोखंडी प्लॅटफॉर्मवर असतो, तिथे मला कोणी बघत नाही. आणि पुढचे अठ्ठावीस दिवस घरी असतो, तेव्हा मी ओट्यावर पेपर वाचताना सगळ्या गल्लीला दिसतो. शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. दर खेपेला मी बॅग घेऊन रिक्षातून उतरलो की ते फाटकाशी येतात आणि हळहळून विचारतात, "काहून बाप्पा, सुटलं काय काम?" मी त्यांना महिन्याआड सुट्टीचं गणित अनेकदा समजावलं आहे. ते मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी नोकरीच्या जाहिरातीचं कात्रण आमच्या फाटकात खोचून जातात.

आता मी नेमकं करतो काय, ते एकदा सांगूनच टाकतो. प्लॅटफॉर्मवर कुठल्याही मशीनला हात लावायचा तर आधी कागद लागतो, त्याला परमिट म्हणतात. दुरुस्ती करणारा माणूस त्या मशीनच्या स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. काम संपेपर्यंत बाकी कोणाच्या बापालाही ते मशीन सुरू करता येत नाही. हे सगळं झालं की नाही ते बघणारा माणूस म्हणजे मी. कुलूप नसेल तर परमिट नाकारायचं. कागदावर तारीख चुकली, नाकारायचं. वेल्डर माझ्या टेबलासमोर उभा राहून माझ्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार करतो, ते मला त्याच्या भुवयांवरून कळतं. इंजिनिअर झालो ते मशीन उघडायला, आणि बारा वर्षांत मी एकही मशीन उघडलेलं नाही. फक्त दुसऱ्यांना उघडू दिलं नाही.

दर वर्षी कंपनी एक फॉर्म भरून घेते. त्यात प्रश्न असतो: या वर्षात तुम्ही काय साध्य केलं? एका वर्षी वैतागून मी खरं तेच लिहिलं: "काहीही झालं नाही." साहेबांनी फॉर्म परत पाठवला आणि शेरा मारला, की जरा सकारात्मक लिहा.

घरी माझ्या या सवयीचा फार त्रास होतो असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. ट्यूबलाइट बदलायची तर मी मेन स्विच बंद करतो, त्याला दोऱ्याने पाटी बांधतो, "काम सुरू आहे, हात लावू नये", आणि मग स्टूल शोधायला निघतो. एकदा मिक्सरचं पातं बदलताना मी त्याचा प्लग खिशात घालून बसलो होतो. ती म्हणाली, "बह्याड झाले काय तुमी? घरात आपण दोघंच आहो." मी म्हटलं, अपघात व्हायला दोघं पुरतात. त्या दिवशी चटणी पाट्यावर वाटली गेली. मी समुद्रात असताना तिने पंखा दुरुस्त केला आहे, नळ बदलला आहे आणि गॅसची नळी बसवली आहे, कुठल्याही परमिटशिवाय. माझे हात तिच्या हातांपेक्षा मऊ आहेत. हे तिने एकदा सगळ्या नातेवाइकांसमोर सांगितलं.

पण ती थट्टा करत असली तरी आतून थकली होती. वर्षातले सहा महिने नवरा नाही. सण आला की मी नाही, ताप आला की मी नाही, तिच्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी समुद्रातून हॅलो हॅलो करत होतो. गेल्या दिवाळीनंतर ती एकदा स्वच्छ म्हणाली, "आता इकडंच पाहा काहीतरी. मले घरात माणूस पायजे." मलाही तेच हवं होतं. तिच्यासाठी आणि खरं सांगायचं तर माझ्या हातांसाठी. राजीनाम्याचं पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. ते माझ्या फोनमध्ये तयार ठेवलं आणि ठरवलं की इथली नोकरी पक्की झाली की त्याच मिनिटाला पाठवायचं.

नोकरी दिली गुरुजींच्या कात्रणाने. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या एका जिनिंगला मशीनं सांभाळणारा इंजिनिअर हवा होता. शेठने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "समुद्रात कापूस पिकते काय?" मी नाही म्हटलं. "मग आठ दिवस येऊन पाहा. जमलं तर राहा."

पहिल्या दिवशी मी शहाण्यासारखा स्वतःचं लाल कुलूप घेऊन गेलो आणि दुरुस्तीला घेतलेल्या मोटरच्या स्विचला लावलं. तिथला मिस्त्री त्या कुलपाकडे बघतच राहिला. शेठ येऊन म्हणाले, "साहेब, कुलूप गोडाऊनले लावतेत, मशीनले नाई." सगळे हसले. मग त्यांनी मला तिथली पद्धत समजावली. स्विचजवळ एक माणूस उभा करायचा. तो म्हणतो, "मी हाय ना इथं." झालं परमिट. तो माणूस दिवसभर सुपारी-तंबाखूचा खर्रा चोळत स्विचजवळ उभा असे आणि त्याच्या त्या चार शब्दांवर अख्खं जिनिंग चालत असे.

दुसऱ्या दिवशीही मी कुलूप लावलं. तिसऱ्या दिवशी ते डब्याच्या पिशवीत राहिलं. चौथ्या दिवशी मला त्याची आठवणही झाली नाही, कारण त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा अख्खा गिअरबॉक्स उघडला, धुतला, बेअरिंग बदललं आणि पुन्हा बसवला, आणि तो चालला. चालला म्हणजे काय, गाऊ लागला! मिस्त्री म्हणाला, "जमते तुमाले." मला इतका आनंद बारा वर्षांच्या पगाराने झाला नव्हता. मी मुद्दाम हात न धुता घरी गेलो आणि कोपरापर्यंतचं काळं ग्रीस गुरुजींना फाटकातूनच दाखवलं. ते म्हणाले, "आता कसं काम केल्यासारखं वाटून राह्यलं." बायकोने त्या दिवशी शिरा केला आणि मी इथेच राहणार म्हणून गल्लीभर सांगून आली. मी फोन काढून पत्र पुन्हा वाचलं. पाठवायला आठ दिवस कशाला हवेत, असंही मनात आलं.

सहाव्या दिवशी दुपारी सरकी पुढे ढकलणारा लांब स्क्रू अडकला. ओला कापूस त्याच्या पात्यांत गुंडाळला गेला होता. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि गाडीवाले ओरडत होते. मिस्त्री पान्हा आणायला दुसऱ्या टोकाला गेला. मी झाकण काढलं आणि वाकून पाहिलं. कापूस हाताला लागण्यासारखा होता. स्विचजवळचा माणूस म्हणाला, "घाला जी हात, मी हाय ना इथं."

आणि मी घातला. मी! ज्याने वेल्डरला तारीख चुकली म्हणून परत पाठवलं, ज्याने बायकोची चटणी अडवली, त्याने कोपराच्या वर हात त्या पात्यांमध्ये घातला. मी बहुतेक गुणगुणतही होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

तेवढ्यात त्या माणसाचा खर्रा संपला. तो गेटवरच्या टपरीवर गेला. शेठ ऑफिसातून तावातावाने आले, त्यांना गाड्यांची रांग दिसली, बंद मशीन दिसलं, स्विचजवळ कोणी नाही असं दिसलं. वाकलेला मी दिसलो नाही. त्यांनी हिरवं बटण दाबलं.

हात मी कसा काढला ते मला आजही आठवत नाही. फक्त खर्रकन आवाज झाला. शर्ट जुना होता, कापड विरलं होतं, म्हणून खांद्यापासून अख्खी बाही उसवून आत गेली आणि मी मागच्या मागे सरकीच्या ढिगात बसलो. दुसऱ्या टोकाला सरकीबरोबर काहीतरी निळं बाहेर पडलं. मिस्त्रीने ते उचललं, झटकलं आणि ओरडून विचारलं, "हे कोनाचं हाय बे?"

मग सगळे धावत आले. शेठ घाबरले होते, त्यांनी स्वतः चहा आणून दिला. "बचावले बाप्पा," असं तीनदा म्हणाले. चौथ्यांदा म्हणाले, "पण मशीन तर सुरू झाली." खर्रावाला परत आला आणि आपली जागा घेऊन उभा राहिला. पंधरा मिनिटांत गाड्या पुढे सरकू लागल्या. आमच्या प्लॅटफॉर्मवर असं झालं असतं तर तीन दिवस चौकशी चालली असती आणि ती करायला मलाच बसवलं असतं. मी सरकीच्या ढिगात बसून ती चौकशी तिथल्या तिथे पूर्ण केली. शेठचा राग आला, खर्रावाल्याचा आला, पण दोषी माणूस एकच निघत होता आणि त्याला एकच बाही होती. मला फार लाज वाटली. भीती नंतर वाटली, मोटारसायकलला किक मारताना.

घरी सांगायला मी रस्त्यात एक खिळा तयार केला होता. शर्ट खिळ्यात अडकला, फाटला. गुरुजींनी फाटकातून विचारलं, "काहून बाप्पा, मारामारी केली काय?" त्यांना मी खिळा सांगितला, त्यांना पटला. बायकोला सांगितला तर तिने माझ्या खांद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग बाही कुठं हाय?"

बाही तिकडेच राहिली होती. मी खरं सांगून टाकलं, पहिल्या कुलपापासून हिरव्या बटणापर्यंत. तिने माझा उजवा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि एकेक बोट दाबून पाहिलं, नव्या बाळाचं बघतात तसं. पाचही झाली तेव्हा तिने श्वास सोडला.

"ते पत्र पाठवलं काय?"

"नाही."

"नोका पाठवू."

"पण तूच म्हणत होतीस, घरात माणूस पाहिजे."

"पायजेच हाय," ती म्हणाली. "सहा महिने भेटला तरी चालते. पण पुरा भेटला पायजे."

बारा वर्षं मी लोकांची परमिटं नाकारत आलो. माझं त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी नाकारलं होतं, आणि नाकारणाऱ्याला नेमकं काय हवं असतं ते मला इतक्या वर्षांत तेव्हा कळलं. मला रडू कोसळलं, मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि चांगला हमसून रडलो. तिने थोडा वेळ रडू दिलं.

"रडा," ती म्हणाली, "पण पहिले हात धुऊन या. माह्या लुगड्याले ग्रीस लागून राह्यलं."