गाडीतला शेवटचा माणूस

मी पदवीधर झालो तो बाळापूरमुळे. बाळापूर म्हणजे आखाडा बाळापूरचा माझा मित्र. हॉस्टेलात आम्ही एकमेकांना गावाच्या नावानंच हाक मारायचो. तो बाळापूर आणि मी तांडा. त्याच्या वडिलांचं बाळापूरला रोडवर टायरचं दुकान होतं. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं.

मी हिंगोलीला शिकायला आलो त्या वर्षी आमच्या क्रीडाशिक्षकांनी अमेरिकन फुटबॉलचा संघ काढला. कबड्डीत पोरांची गर्दी, या खेळात अजून कुणी नाही, असा त्यांचा सरळ विचार होता. हेल्मेटं विद्यापीठातून मागून आणलेली, तीही सगळ्यांना पुरायची नाहीत. खेळून बाहेर आलेल्यानं आत जाणाऱ्याच्या डोक्यावर घामेजलेलं हेल्मेट चढवायचं. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, सोललेल्या नारळासारखा. मैदानाबाहेरचे चहावाले काका रोज विचारायचे, पाय लावतच न्हाईत तर याला फुटबॉल काहून म्हणतेत? सरांनाही ते सांगता यायचं नाही.

बाळापूर क्वार्टरबॅक झाला, म्हणजे मागं उभं राहून चेंडू फेकणारा. मी वाइड रिसीव्हर. रिसीव्हरनं पार कडेला, फक्कीच्या रेघेजवळ उभं राहायचं. खेळ सुरू झाला की जीव खाऊन पुढं पळायचं, मागून डोक्यावरून येणारा चेंडू झेलायचा, छातीशी धरायचा आणि समोरच्या टोकाची रेघ ओलांडायची. पळण्यात मी बरा होतो. झेलण्यात मात्र माझ्यासारखा संघात कुणी नव्हता, कारण झेलणं मी टरबुजांवर शिकलो होतो.

ठिबक आल्यापासून आमच्याकडे टरबूज फक्त उन्हाळ्याचं राहिलेलं नाही. तांड्यातले आम्ही लोक गाडी भरायला जातो. वावरापासून पिकअपपर्यंत माणसांची रांग लागते. उजवीकडच्यानं फेकलेलं फळ झेलायचं आणि त्याच झोक्यात डावीकडच्याकडं टाकायचं. हात कडक ठेवले तर फळ फुटतं, म्हणून फळासोबत हातही थोडे मागं न्यायचे. आणि डावीकडं बघायचं नाही. तिथं हात असतातच. शाळेत असल्यापासून मी त्या रांगेत उभा राहायचो.

हेच मला नडलं. शेजारच्या कॉलेजशी सराव सामना होता. बाळापूरनं लांब चेंडू टाकला, मी तो अलगद झेलला आणि न बघता डावीकडं टाकून दिला. तिथं समोरच्या संघाचा पोरगा होता. त्याला क्षणभर काही सुधरलं नाही, मग तो चेंडू घेऊन उलट्या दिशेनं पळत सुटला. सर म्हणाले, पाहुण्याला आग्रह करून वाढतोस काय? सगळे हसले, मीही हसलो. पण दुसऱ्या सामन्यात तेच झालं आणि मग कुणी हसलं नाही.

खेळाडूंना हॉस्टेल माफ होतं. दिवाळीच्या आधी विद्यापीठ संघाची निवड होती आणि सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ज्याची निवड होईल त्याचीच खोली राहील. माझ्या मोठ्या भावानं, दादानंही मला सांगून ठेवलं होतं की नाव आलं तर शिक, न्हाई आलं तर दिवाळीनंतर आमच्यासंगं ऊसतोडीला चल. त्यात राग नव्हता. त्यानं मला बारावीपर्यंत शिकवलं होतं, पुढचं त्याच्या हातात नव्हतं.

सरावात मी स्वतःला बजावायचो की धरून ठेव. चेंडू हातात आला की हात आपोआप डावीकडं वळायचे. बाळापूरनं विचारलं, तू असं काहून करतोस? मी टरबुजांचं सांगितलं. तो म्हणाला, मला दाखव.

रविवारी तो माझ्याबरोबर कनेरगाव नाक्याजवळच्या एका वावरात आला. दादानं त्याला रांगेत माझ्या उजवीकडं उभं केलं. त्याचा हात फेकणाऱ्याचा, फळं गोळ्यासारखी सुटू लागली. रांगेतल्या बाया हसायला लागल्या. दादा गाडीतून ओरडला, "ए बाळापूर, टरबूज हाय ते. दुश्मनाला मारून राहिला काय?"

दुपारच्या भाकरीला बसलो तेव्हा बाळापूर गाडीकडं बघत होता. गाडीत रांगेतला शेवटचा माणूस असतो. तो फळ झेलतो, पोटाशी धरतो, आत चालत जातो आणि कडब्यावर हळूच ठेवतो. आमच्या टोळीत ते काम दादाचं. बाळापूर त्याला म्हणाला, दादा, आज याला वर चढवा. दादा तयार नव्हता. गाडीत फळ फुटलं तर बोलणं शेवटच्या माणसाला बसतं. बाळापूरनं त्याला खोलीचं, निवडीचं सगळं सांगितलं. दादा खाली उतरला.

मी वर चढलो. पहिलंच टरबूज झेललं आणि सवयीनं डावीकडं टाकलं. ते गाडीच्या पलीकडं रस्त्यावर पडून फुटलं. रांग थांबली. दादा रांगेकडं वळून म्हणाला, "येऊ द्या पुढचं."

संध्याकाळपर्यंत दोन गाड्या भरल्या. परतताना बाळापूर म्हणाला, "तू आता रांगेत न्हाईस. तू गाडीत हायस. तुझ्यापुढं कुणीच न्हाई."

निवडीच्या दिवशी फेकणाऱ्यांना मोजकेच चेंडू मिळणार होते. बाकीचे क्वार्टरबॅक जवळचे, हमखास झेलले जाणारे चेंडू टाकत होते, म्हणजे चूक दिसत नाही. बाळापूरनं प्रत्येक चेंडू लांब टाकला, आणि तोही माझ्याकडं. काही माझ्या हातापलीकडं गेले, ते त्याच्या नावावर चुका म्हणून लागले. एक झेलला तेव्हा माझे हात डावीकडं वळले होते. मागून त्याचा आवाज आला, "गाडी!" मी चेंडू पोटाशी घेतला आणि रेघ ओलांडून खाली वाकून ठेवला.

माझं नाव आलं. त्याचं आलं नाही.

मी त्याला विचारलं, जवळचे का न्हाई टाकलेस? तो पेटी भरत होता. म्हणाला, "जवळच्या चेंडूत रिसीव्हर दिसत न्हाई. आन् माझं गाव येस्टीच्या रोडवर हाय, रोज जाऊन-येऊन शिकता येतं. तुझ्या तांड्याला येस्टी येते का?"

तो रोज येऊन-जाऊन शिकला आणि पुढं वडिलांच्या दुकानात बसला. मी पदवीपर्यंत त्या खोलीत राहिलो आणि तीन वर्षं विद्यापीठाकडून खेळलो. आम्ही जिंकलो कमी, हरलो जास्त. पुढं शिक्षकाचं शिक्षण घेतलं, आणि आता एका आश्रमशाळेत खेळ शिकवतो. रुजू झालो त्या महिन्यात त्याला हे पत्र टाकलं.

प्रिय बाळापूर,

फोनवर सांगितलं असतं तर तू टायरचं काहीतरी काढून विषय बदलला असतास, म्हणून लिहितो. मला नोकरी लागली. दादानं तांड्यात पेढे वाटले आणि पहिला पेढा तुझ्यासाठी काढून ठेवला. आता तो खाण्यासारखा राहिला नसेल, पण दादा टाकू देत नाही.

त्या दिवशीचे लांब चेंडू मी विसरलो नाही. मला खोली मिळाली ती तुझी होती. हे तुला कधी तोंडावर म्हणता आलं नाही.

इथल्या पोरांना मी तोच खेळ शिकवतो. पोरं चपळ आहेत, पण मी फेकलेला चेंडू त्यांच्या अलीकडंच पडतो. लांब फेकणारा माणूस पाहिजे. एखाद्या रविवारी दुकान बंद ठेवून ये. आधी घरी जाऊ, वहिनी तुझी वाट बघून राहिली. आमच्या तांड्याला आता येस्टी येते, सकाळची एकच. कनेरगाव नाक्यावरून ती पकड, मी तांड्याच्या फाट्यावर थांबतो.

तुझा,
तांडा