पाच चुली बघायला गेले त्याची गोष्ट

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी मागते, सवयच आहे. पण पुढे जे लिहिते आहे त्याची मागणार नाही.

शारजाला, अल नहदात, मी एका मराठी घरी सात वर्षं स्वयंपाक करते. त्यांच्या मुलीला शाळेसाठी कुमाऊंची शिखरं पाठ करायची होती. मी पोळ्या लाटायची, ती ओट्याशी उभी राहून म्हणायची: त्रिशूल, नंदादेवी, नंदाकोट, पंचचुली. ती अडली की, "आंटी, नेक्स्ट?" तिच्याआधी माझी पाठ झाली. पंचचुली म्हणजे पाच चुली. पांडव स्वर्गाला निघाले तेव्हा द्रौपदीने शेवटचा स्वयंपाक तिथे केला म्हणतात. आणि मग ती चुली तिथेच टाकून निघाली. हे माझ्या डोक्यातून जाईना.

दर दोन वर्षांनी सुट्टी आणि तिकीट मिळतं. सुट्टी म्हणजे ब्लँकेटं, साबण, अत्तरं भरून गावी जायचं. या वेळी मी मॅडमना म्हटलं, "तिकीट दिल्लीचं काढा."

"दिल्लीत कोण आहे तुझं?"

"कुणी नाही. पुढे डोंगर बघायला जायचंय."

सर हसले. "अगं, मोबाइलवर बघ की, फुकट!"

"समोर बघायचेत." मान खाली होती, पण बोलले. पंधराशे दिरहम उचलही मागितली.

"म्हणजे पस्तीस हजार रुपये! दगड बघायला?" मॅडम म्हणाल्या. पण दिले.

भाऊ फोनवर ओरडला, "लोकांना काय सांगू?"

"बहीण आलीच नाही म्हणून सांग."

दिल्लीहून रेल्वेने काठगोदाम आणि तिथून जीपने कौसानीला गेले, तिथून ही सगळी शिखरं दिसतात. दोन दिवस नुसते ढग. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं उघडलं. शेजारी उभे असलेले एक पुण्याचे काका बायकोला दाखवत होते, "ती बघ पंचचुली."

"नाही हो काका, ते त्रिशूल," मी म्हटलं. अनोळखी माणसाशी, एवढ्या मोठ्याने! मग डावीकडून उजवीकडे बोट नेत सगळी सांगितली. पार शेवटी, लांब, पाच टोकं. लॉजवालीने हातात चहा दिला. तो मी बसून, गरम असतानाच प्यायले.

परतल्यावर दर महिन्याला दीडशे दिरहम कापले गेले. दहा महिने गावी कमी पैसे गेले, भाऊ कमी बोलला. काल मॅडम म्हणाल्या, "खलास, फिटली तुझी उचल. पुढच्या सुट्टीला तरी नीट गावी जा."

"बघू," म्हटलं, आणि पूर्ण पगार मोजून घेतला.