कशावरून मॅडम

"काम छान चाललंय" असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. लगेच मान तिरकी करून विचारायच्या, "कशावरून?" मालकांनासुद्धा सोडायच्या नाहीत. म्हणून कारखान्यात त्यांचं नावच पडलं, कशावरून मॅडम. सोलापुरातला आमचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना. शिलाईच्या दोन लाइनी; एकीच्या प्रमुख त्या, दुसरीचा मी. मॅनेजरची खुर्ची रिकामी होणार होती आणि ती मला हवी होती. तेव्हा मी मॅडमवर किती जळत असेन, ते तुम्हीच बघा.

मी माझ्या लाइनीसमोर फळा लावला, 'उत्कृष्ट दर्जा, वेळेत काम.' नवी पेठेतल्या पेंटरकडून झोकात रंगवून घेतला होता. मॅडमनी काही लावलं नाही. बायकांमध्ये स्टूल टाकून बसल्या आणि विचारलं, "शर्ट चांगला झाला, हे कशावरून ओळखायचं?" सांगोल्याकडच्या सुंदराबाई म्हणाल्या, "कॉलरची दोन्ही टोकं येकावर येक बसली पायजेत की." दुसरी म्हणाली, "उसवायला परत आलेल्या शर्टांची टोपली सांजंला रिकामी पायजे." झालं, हेच त्यांचं उद्दिष्ट! आणि महिन्याभरात त्या टोपलीचा तळ दिसायला लागला की हो. माझ्या फळ्यावर तोवर धूळ बसली होती.

मग मीही टोपली ठेवली आणि हुकूम सोडला, संध्याकाळी रिकामी दिसली पाहिजे. आठवड्यात दिसलीसुद्धा! मी मालकांना बोलावून आणलं, तेही मुद्दाम मॅडमच्या समोरून. मालकांचा पाय मशीनखालच्या गाठोड्याला अडखळला. बिघडलेले सगळे शर्ट माझ्या लाइनीनं तिथं दडवले होते. मॅडम हसल्या असत्या तर परवडलं असतं. त्या खाली बसून ते शर्ट निवडायला लागल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमची टोपली तुम्ही ठेवलीत. आमची बायकांनी ठेवली होती." माणसाचं इतकं बरोबर असू नये. त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही.

पुढे मॅडमच्या यजमानांची बदली झाली, त्या गेल्या आणि खुर्ची आपसूक माझ्याकडे आली. निरोपाच्या दिवशी त्यांच्या लाइनीतल्या बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. माझ्या लाइनीतल्यासुद्धा! मॅडम मला म्हणाल्या, "चांगले साहेब व्हा." मग मान तिरकी झालीच. "पण झालात, हे कशावरून ओळखाल?" मी म्हणालो, "गाडी चुकेल तुमची."

दुसऱ्या दिवशी फळा काढला आणि स्टूल घेऊन बायकांमध्ये जाऊन बसलो. सुंदराबाईंनी जागा करून दिली. "बसा की साहेब. आमच्या मॅडम बी हितंच बसायच्या."

आमच्या मॅडम! पुन्हा जळलो हो. पण त्या प्रश्नाचं उत्तरही मला तिथंच मिळालं. सुंदराबाई एकदा तरी 'आमचे साहेब' म्हणतील, त्यावरून.

वर्ष होत आलं. स्टूल रोज टाकतो, टोपलीही रिकामी दिसते. सुंदराबाई अजून नुसतंच 'साहेब' म्हणतात.