बाबांना बसता येईल अशी गाडी

उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास आला की मला पुसदचा जुन्या गाड्यांचा बाजार आठवतो.

अर्धांगवायूनंतर बाबांना एसटीची पायरी चढता येईना. दवाखान्यात नेताना दोघं मिळून त्यांना उचलत आणि ते त्यांच्या जिवाला फार लागायचं. म्हणून आईने शिलाईकामाच्या पैशांतून जुनी गाडी घ्यायचं ठरवलं.

विकणारा एका चकचकीत लाल गाडीचं कौतुक सांगत होता. आई म्हणाली, "रंग राहू द्या दादा. ह्यायले बसता येते का, ते पाहू द्या."

तिने बाबांना एकेका गाडीत बसवून पाहिलं.

"कायले थकवून राह्यली मले?" बाबा वैतागले.

शेवटी तिने रंग उडालेल्या एका छोट्या गाडीचं दार उघडलं. बाबा वाकले, स्वतःच आत सरकले आणि चांगल्या हाताने दार ओढून घेतलं.

"हेच गाडी द्या," आई म्हणाली.

स्वस्त म्हणून घेतली असेल, असं तेव्हा मला वाटलं. आज वाटतं, इतकी नीट पारख करून गाडी घेणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. परतताना आमच्यासोबत आलेला मामा गाडी चालवत होता. आमच्या गावात, ढाणकीत शिरल्यावर बाबा खिडकीत कोपर टेकवून ओळखीच्यांना हाका मारू लागले.